पाऊण म्हणजे भरली

बोटीच्या मागच्या भागातली फळी उचलायची, गुडघ्यावर बसायचं, उजवा हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि मधल्या बोटाच्या पेराने टाकीवर टकटक करत वरून खाली यायचं. "थांबा, आयकू दे," मिस्त्री म्हणायचे, आणि बाकांवर बसलेले पर्यटक खरोखर गप्प व्हायचे. मग फळी बसवून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन ते जाहीर करायचे, "निम्मी हाय. चला."

रत्नागिरीजवळच्या खाडीत फेऱ्या मारणारी ही बोट तुम्हीही पाहिली असेल. आरे-वारेला जाऊन आलेली मंडळी दुपारनंतर तिच्यावर चढतात. वर पत्र्याची शेड, मागे दोन संडास. संडासातलं सगळं तळातल्या काळ्या टाकीत साठतं आणि धक्क्यावर मैल्याची गाडी येऊन ते उपसून नेते. इंजिन चालवणं, पंप दुरुस्त करणं, दोर बदलणं हीसुद्धा त्यांचीच कामं होती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. लोकांच्या लक्षात मात्र ते टाकीमुळे राहिले.

टाकी किती भरली हे सांगणारे चार दिवे चालकाच्या केबिनमध्ये होते. टाकीच्या आतल्या कांडीला चिकटा बसला की ते काहीही दाखवत. कधी रिकाम्या टाकीला लाल दिवा, कधी तुडुंब टाकीला हिरवा. मिस्त्री महिन्यातून दोनदा कांडी काढून धूत, तरी भरवसा बोटावरच ठेवत. पुण्याच्या एका गृहस्थांनी त्यांना ओणवं पाहून विचारलं होतं, "काका, काही हरवलं का?"

"नाय साहेब. तुम्ही सगळ्यांनी मिळून जमवलंय, ते किती झालंय बघतंय."

त्यांचा एक नियम होता, आणि तो मालकाशी भांडून ठरलेला होता. पाऊण म्हणजे भरली. उरलेली पाव टाकी हेलकाव्यासाठी मोकळी ठेवायची. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग असायची, मैल्याची गाडी कुठेतरी अडकलेली असायची, आणि मिस्त्री इंजिन बंद करून बाकावर बसायचे.

"अहो मिस्त्री, अजून पाव टाकी आहे," मालक म्हणायचे. "बाहेर समुद्रात जाऊन सोडून येऊ."

"भरती हाय. आपण धक्क्याला लागायच्या आधी ते पोचेल."

मालक माणूस वाईट नव्हते, पण रांग पाहिली की त्यांचा धीर सुटायचा. आपण नसताना कुणी टाकी पाण्यात सोडू नये म्हणून मिस्त्री तळाच्या व्हॉल्व्हचा दांडाच काढून रोज डब्याच्या पिशवीतून घरी नेत. त्यांची बायको म्हणायची, "लोकांचे नवरे घरी मासे आणतात. आमच्याकडे संडासाची किल्ली येते."

या हट्टाचं कारण धक्क्यावरून दिसायचं. समोर चिखलाचा लांब पट्टा आहे. सुकती लागली, म्हणजे पाणी उतरलं, की वाडीतल्या बायका टोपल्या घेऊन तिथे तिसऱ्यांचे शिंपले काढायला उतरतात. त्यांत मिस्त्रींची विधवा वहिनी होती. भाऊ गेल्यापासून तिचं घर त्या पट्ट्यावर चालत होतं. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, आणि पाण्यात जे असेल ते त्याच्यात उतरतं, हे मिस्त्रींना कुणी वेगळं सांगावं लागलं नव्हतं.

आणि तरीही टाकी सांडली. ती त्यांच्याच हातून सांडली.

आदल्या दिवशी ते राजापूरला एका नातेवाइकाच्या तेराव्याला गेले होते. परतीची एसटी उशिरा पोचली. धक्क्यावर पर्यटक ताटकळत होते आणि बोट सुकतीमुळे चिखलात बसून उजवीकडे कलली होती. मिस्त्रींनी फळी उचलली आणि नेहमीप्रमाणे डाव्या बाजूने टाकी वाजवली. आवाज पोकळ आला. केबिनमधले दिवेही निम्मीच दाखवत होते. दिव्यांचं आणि बोटाचं एकमत झालं असा तो एकच दिवस, असं पुढे तेच सांगायचे. टाकीतलं सगळं कललेल्या बाजूला गेलं होतं. अर्ध्या तासाने भरतीच्या पाण्यावर बोट सरळ झाली तेव्हा टाकी पुन्हा वाजवायला हवी होती. ते इंजिनापाशी होते.

खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसले, सगळे पर्यटक एका बाजूला धावले, बोट झुकली आणि टाकीच्या हवेच्या नळीतून मैला बाहेर पडला. दोनेक बादल्या असतील. पर्यटक डॉल्फिन बघत होते. नळीकडे पाहणारे मिस्त्री एकटेच. पाणी चढत होतं, आणि पडलेलं सगळं चिखलाच्या पट्ट्याकडे निघालं होतं.

बोट धक्क्याला लागताच ते वाडीत गेले. वहिनी अंगणात टोपली धूत होती.

"वहिनी, पुढच्या सुकतीला उतरू नका. कोणीच नको."

"का?"

"टाकी सांडली. माझ्या हातून."

तिने टोपली पालथी ठेवली. "किती दिवस?"

"माहीत नाय. विचारून सांगतंय."

"आणि तोवर? भावजी, माझी चूल काय तुमच्या बोटीच्या दिव्यांवर पेटायची?"

मालक धक्क्यावरच उभे होते. "दोन बादल्यांसाठी गावभर बोंब! कोणी पाहिलं तरी होतं का?"

"मी बघितलं ना."

संध्याकाळी मिस्त्री आमच्या दैनिकाच्या कचेरीत आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. बातमी छापा म्हणाले. बोटीचं नाव घालायचं का, असं मी विचारलं. "घाला. आणि माझं त्याच्या आधी घाला." शिंपले कुठे तपासून मिळतात याची चौकशी मी केली. तपासणी होईपर्यंत त्या पट्ट्यावरच्या तिसऱ्या खाऊ नयेत, अशी चार ओळींची बातमी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंक हातात घेऊन पुन्हा हजर. आम्ही 'तांत्रिक बिघाडामुळे' असं लिहिलं होतं.

"बिघाड कुठला? टाकी बरी होती. बोट चिखलात कललेली असताना मी वाजवली, आणि तरंगल्यावर परत वाजवली नाय. तसं लिवा."

खुलासा छापला. चूक पूर्णपणे आपलीच आहे असं छापा, एवढ्यासाठी जिना चढून आलेला दुसरा माणूस माझ्या नोकरीत मला आठवत नाही.

मालकांनी त्यांना काही दिवस बोटीवर येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्त्रींची त्यामुळे सोयच झाली. ते प्रत्येक सुकतीला पट्ट्याच्या काठावर पालथ्या होडीवर बसू लागले. दुसऱ्या वाडीतून कुणी टोपली घेऊन आलं की गुडघाभर चिखलात उतरून त्याला परत फिरवायचे. लोक टोमणे मारायचे, "मिस्त्री, आता खाडी पण वाजवून बघा." ते हसायचे आणि जागचे हलायचे नाहीत. शिंपले आणि पाणी बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत तेच नेत होते. पहिला अहवाल वाईट आला. तोही त्यांनी स्वतः वाडीत जाऊन घरोघरी सांगितला.

वहिनी त्यांच्याशी बोलत नव्हती. चौथ्या दिवशी तिने शेजारणीच्या हाती होडीपाशी चहा पाठवला. त्यात साखर नव्हती. मिस्त्रींनी तो पिऊन पेला धुऊन परत दिला. पाचव्या दिवशीच्या चहात साखर होती. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा चांगला अहवाल मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

खरा चांगला अहवाल त्यानंतर काही दिवसांनी आला. बायका चिखलात उतरल्या, टोपल्या भरल्या, पण बाजारात गिऱ्हाईक थांबेना. बातमी लोकांनी वाचली होती; चांगल्या अहवालाची आम्ही छापलेली ओळ कुणाच्या नजरेत भरली नव्हती. तेव्हा मिस्त्री वहिनीच्या टोपलीशेजारी फतकल मारून बसले. तिने घरून शिजवून आणलेलं तिसऱ्यांचं पातेलं त्यांनी भर बाजारात एकट्याने संपवलं. शिंपल्यांचा ढीग समोर रचला आणि बघ्यांना सांगितलं, "उद्या परत या. मला बघा, मग घ्या."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून त्याच जागी बसले. लोक आले, त्यांना नीट न्याहाळून गेले. एकाने तर नाडी बघितली. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाली, "भावजी, आता उठा. सगळे तुमच्याकडेच बघत बसतात, घेत कोण नाय."

ते उठले. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली.

मालकांनी त्यांना परत बोलावलं. त्यानंतर त्यांनी कलत्या बोटीत टाकी कधी वाजवली नाही. बोट तरंगून सरळ होईपर्यंत रांग उभी राहायची. सुकतीच्या आधी पट्ट्यावर जाऊन त्या दिवशीची टाकी ते वहिनीला सांगायचे. पाव, निम्मी, उपसली, एवढंच. ती मान डोलवायची आणि बायका खाली उतरायच्या.

गुडघ्यांनी ओणवं व्हायला नकार दिला तेव्हा त्यांनी बोट सोडली. आता ते लांज्याला मुलीकडे असतात. त्यांच्या जागी आलेला माणूस चाळिशीचा आहे, कामाला बरा आहे. दिवेही नवे बसवले आहेत.

गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्याच बातमीसाठी मी धक्क्यावर होतो. बोट भरली होती, दोर सोडायचे बाकी होते. वहिनी धक्क्यावरून बोटीवर चढली. इतक्या वर्षांत तिने त्या बोटीवर पाय ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कमरेला टोपली. नव्या माणसाने केबिनमधल्या दिव्यांकडे बोट दाखवलं.

"आजी, हिरवा आहे. काळजी नको."

"ते मला कळत नाय. खाली जा आणि हात लावून बघून ये."

"बोट सुटायची वेळ झाली."

"सुटू दे. मी पण येतंय मग."

आणि ती पहिल्याच बाकावर, गॉगल लावलेल्या दोन मुलींच्या मधे, टोपली मांडीवर घेऊन बसली. मुलींनी सरकून जागा दिली. नव्या माणसाने मालकांकडे पाहिलं. मालक दोर बघत होते.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही वर सारली आणि फळी उचलली.