साडेसात मापं

मी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर काम करतो. कर्नल मेमरीची सारख्या आकाराची पानं पाडतो, चार हजार शहाण्णव बाइटचं एक. ही पानं विखुरलेली असतात. डेटा इकडून तिकडे उतरवताना कुठल्या पानावर कुठवर आलो, हे लक्षात ठेवतो तो इटरेटर. मी लिहिलेला इटरेटर तपासणीतून दोनदा परत आला होता, कारण उतरवलेल्या फाइलमधला एखादा तुकडा कधीकधी गायब व्हायचा. तिसऱ्यांदा परत आला असता तर काम दुसऱ्या टीमकडे जाणार होतं.

त्या रविवारी सासूबाई ओझरहून गव्हाचं पोतं घेऊन आल्या. बायको मापाने गहू डब्यांत ओतत होती. सासूबाई शेजारी शेंगदाणे निवडत होत्या. मोजणी माझ्याकडे.

"आठ," मी म्हणालो.

"साडेसात, जावईबापू."

आठवं माप ओतताना डबा भरला होता आणि बायकोने उरलेले गहू पोत्यात परत टाकले होते.

"माप भरलं तेव्हाच मी आठ धरले."

"डब्यात पडल्यावर धरायचं! नायतर परत गेलेलं अर्धं कोण मोजणार?"

"अहो, आईशी आकड्यांवरून भांडू नका," बायको म्हणाली. "तिच्यापुढे भाजीबाजारातले आडते गप्प बसतात."

मी तसाच उठून लॅपटॉपकडे गेलो. माझा इटरेटर हेच करत होता. समोरचं पान जागेवर नसलं की उतरवणं मधेच थांबतं, पण तो मागितले तेवढे बाइट आधीच पुढे सरकून बसायचा. राहिलेले मागेच राहायचे. मोजायची ओळ उतरवायच्या ओळीखाली नेली आणि पोहोचले तेवढेच बाइट पुढे सरकायचं ठेवलं. चाचणी पुन्हा पुन्हा चालवली. एकही तुकडा हरवला नाही.

बाहेर आलो तर पोतं रिकामं.

"मोजलं कोणी?"

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. त्यात सात शेंगदाणे आणि अर्ध्या दाण्याची एक पाकळी, खाली पुन्हा सात आणि एक पाकळी, शेवटी दोन.

"सतरा," मी म्हणालो. "मग मला कशाला बसवलं होतं?"

"सकाळपास्नं तोंड पाडून फिरत होता. म्हटलं, कामात राहतील जरा."

बुधवारी इटरेटर मंजूर झाला. सासूबाईंना फोन करून सांगितलं.

"मंजूर झाला, का होणार हाय?"

"झाला."

"पत्र हातात पडलं?"

"पडलं."

"मग धरा."