काकूच्या मांडवाचं गणित

आपल्याकडे कुणाला गणित करायलाच नको! पत्रा टाकायचा, वर चार चिरे ठेवायचे आणि पावसाळाभर देवाला हात जोडायचे. अहो, वाऱ्याचा जोर मोजता येतो! पण मोजतो कोण?

मी मोजला. आता तेच सांगते. चहा खाली ठेवा, हसताना सांडेल.

मालगुंडला माझ्या काकूची घरगुती खानावळ. मे महिन्यात पाहुण्यांची एवढी गर्दी, की पंगत थेट अंगणात, उन्हात. तिला मांडव हवा होता. चार लोखंडी खांब, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. आणि मी नुकतीच सिव्हिल इंजिनिअर झालेली! दुसऱ्या कुणाला हात लावू देईन?

"गो बाय, माझी नवी फरशी तेवढी फोडू नको हां," काकूनं बजावलं.

गावात मांडव घालणारे बाबूकाका मदतीला आले, ते चिरे घेऊनच.

"वजनाला वर ठेवूया, ताई."

"दगड? काका, उघड्या मांडवात वारा खालून शिरतो. छप्पर खालून ढकलतो आणि वरून ओढतोही! त्याला बोल्ट लागतात!"

"मग खांब तरी दोन हात पुरूया."

"फरशी फोडायची नाहीये!"

अकरा पानं गणित केलं. छप्पर आणि खांब यांच्यात अंगठ्याएवढे बोल्ट, वरून वेल्डिंग. खांब मात्र फरशीवर, बारक्या स्क्रूंनी बसवलेले. शेवटच्या पानावर मी लिहिलं, 'जमीन : ठीक आहे.'

आठवड्यानं वळवाचा वारा सुटला. काकूचा फोन.

"गो, तुझा मांडव कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? अंगणात!"

"अंगणात आभाळ आहे."

"अगंबाई! जेवणारी माणसं?"

"आधीच आत पळाली म्हणून वाचली. उद्या दुपारी वीस पानं आहेत. बसवू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

स्कूटर पिटाळत पोचले. मांडव शेजारच्या अप्पांच्या बागेत, दोन कलमांच्या मधे, चारी पाय वर करून पडलेला. पण छप्पर खांबांपासून केसभर सुटलं नव्हतं! खरं सांगते, क्षणभर मला अभिमान वाटला. मग कळलं. छपराला मी खांबांशी असं घट्ट बांधलं होतं, की जाताना ते खांबांनाही घेऊन गेलं!

"माझ्या हापूसवर हे काय आणून टाकलंस?" अप्पा ओरडले.

"सुटं करून लगेच नेते, अप्पा!"

कसलं सुटं? एकही बोल्ट हलेना. आठ जणांनी अख्खा उचलून पाहिला, तर दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून जाईना. काकू कमरेवर हात ठेवून उभी.

बाबूकाकांनी एका खांबाला टिचकी मारली आणि आभाळाकडे बघितलं.

"ताई, आता तेवढं गणित करून सांगा, परतीचा वारा कधी सुटणार?"