सुपातली एक मूठ जास्त

गेल्या श्रावणात सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका गल्लीत कुजबुज उठली, की सुकलाल पाटलाला आफ्रिकेत एक मुलगा आहे. आता सुकलाल कोण, तर डाईंग मिलमध्ये रंगाच्या टाकीशी उभा राहणारा आणि घरी बायकोला विचारून खोकणारा गडी. नंदुरबारच्या एस.टी.त बसला तरी त्याला मळमळतं. हा माणूस समुद्र ओलांडून गुपचूप संसार थाटून आला, यावर अख्ख्या गल्लीचा विश्वास कसा बसला, ते ऐकण्यासारखं आहे.

सुकलालची बायको सरलाबाई घरीच साड्यांना लेस लावते. एकुलती लेक हर्षदा पाचवीत, वर्णानं चांगली सावळी. मोठी जाऊ धुरपदाबाई शेजारच्याच घरात. ती दर रविवारी पोरीच्या तोंडाला बेसन थापायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “घास वो माय, घास! नहीतं तुनासंगे लगीन कोन करी?” गल्लीतली पोरं तर हर्षदाला नावानं हाकच मारत नसत. “काळी” म्हटलं की काम भागायचं.

जूनमध्ये सरलाबाईच्या घरातली वरची खोली बराकानं भाड्यानं घेतली. टांझानियाहून शिकायला आलेला, दारातून वाकून शिरावं लागेल एवढा उंच. “केम छो, भाभी?” एवढं गुजराती त्यानं आल्याआल्याच उचललं होतं. पोरांना नवा खेळ मिळाला. तो गल्लीत शिरला की मागे वरात, “कालिया! कालिया!” आणि वरातीत सगळ्यांत मोठा गळा कुणाचा? हर्षदाचा. आपल्याहून काळं कुणीतरी आलं, याचा त्या पोरीला कोण आनंद!

ओट्यावर लेस लावता लावता सरलाबाईनं तो गळा ओळखला. तिनं पोरीला आत बोलावलं. मारलं नाही. सुईत दोरा ओवत म्हणाली, “आजपासून तुला कोणी काळी म्हटलं, तर मी भांडायला जाणार नाही. तुझं तू बघ.”

पोर त्या रात्री न जेवताच झोपली.

मग कानबाई देवीचा सण आला. खानदेशी माणूस सुरतेत येऊन तीस वर्षं होवोत, नागपंचमीनंतरच्या रविवारी तो कानबाई बसवणारच. तिच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू मोजून घेतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सुपात एक एक मूठ, वेगवेगळी ढिगली. पोरीबाळींची मूठ नसते. त्यांनी रोट भाजायचे. रोट खायचे ते भाऊबंदांनीच, बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. आणि एकदा सुपात पडलेली मूठ माघारी घेत नाहीत.

सरलाबाईनं मुठी टाकल्या आणि ती चूल बघायला उठली. परत आली तर धुरपदाबाई सुपावर वाकलेली.

“सरला, हाई जास्तीनी मूठ कोनी शे वो?”

सरलाबाईनं पाहिलं. खरंच एक ढिगली जास्त होती. तिलाही कळेना. पण जावेपुढे ‘माहीत नाही’ म्हणणं म्हणजे आपली शेंडी तिच्या हातात देणं. ती गप्प राहिली.

झालं! धुरपदाबाईला गप्प बसलेलं माणूस सापडलं की ती बाकीची गोष्ट स्वतःच रचते. कुळात एक पुरुष जास्त, वर माडीवर एक परका तरुण. दुपारपर्यंत बराका सुकलालचा मुलगा झाला, संध्याकाळी त्याचं नाकसुद्धा बापावर गेलं.

शनिवारी मोठा दीर, धुरपदाबाईचा नवरा पंडित, दारात उभा राहिला. “सुकलाल, त्या हबशाला आज खोली खाली करायला लाव. नाहीतर उद्या आमच्या घरचं कुणी रोटाला शिवणार नाही.”

“दादा, मी तर नंदुरबारच्या पुढे कधी...” सुकलाल बोलू लागला.

“तू गप!”

भाऊबंद जेवले नाहीत तर रोट उरणार, आणि उरलेला रोट म्हणजे देवीचा कोप. सरलाबाईनं वरच्या खोलीकडे पाहिलं. खोली मागत फिरणाऱ्या याच पोराला चार दारांवरून ‘तुमको नहीं देंगे’ म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा कुठे तो इथे आला.

“मूठ बराकाचीच आहे,” ती म्हणाली. “सुपात पडली, आता तो उद्या पंगतीला बसेल. तुम्ही यायचं की नाही, ते तुम्ही बघा, दादा.”

सुकलालनं डोक्याला हात लावला.

रविवारी पंडित आला नाही. धुरपदाबाई मात्र आली. एवढी पंगत चुकवली तर सोमवारी नळावर बोलायचं काय? बराका पाय दुमडून बसला, गंगाफळाची भाजी त्यानं बोटं चाटून खाल्ली आणि ताट पुढे केलं, “भाभी, थोडुं वधारे.” धुरपदाबाई वाढायला उठली, जवळून नाक बघता यावं म्हणून. रोट एकही उरला नाही.

रात्री भांडी घासताना हर्षदा आईजवळ आली. “आई, ती मूठ मी टाकली होती.”

“का गं?”

“त्यांचं इथं कोणीच नाही. आणि सगळ्यांत जोरात मीच ओरडत होते.”

सुकलालला आफ्रिकेत मुलगा नाही, वरच्या खोलीत मात्र आहे.