घानाची तिकिटं इथे मिळतील

आमचं ऑफिस एवढंसं. दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. पण किस्से इतके साठलेत की घरून डबे आणून जेवायच्या एखाद्या पॉटलकला मी बोलायला लागले की नवरा लोकांना आधीच सांगतो, "जेवून घ्या, हिचं लांबतं." लांबतं हे खरंच आहे. एक सांगायला जावं तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. मी तरी काय करू!

तर ऑफिस आहे टेक्ससमधल्या अर्विंगला. एका बाजूला इंडियन ग्रोसरी, दुसऱ्या बाजूला आयब्रो थ्रेडिंग, मध्ये आम्ही. आम्ही म्हणजे मालकीण मिस ग्लोरिया, पुण्याचा अनिकेत आणि नागपूरची मी, सुजाता. इकडे टेक्ससमध्ये वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावायची रीत आहे. नातवंडं झाली तरी मिसच. आपण मावशी म्हणतो तसं. काम एकच. ज्यांच्या खापरपणजोबांना गुलाम म्हणून जहाजात कोंबून इकडे आणलं, त्या काळ्या अमेरिकन मंडळींना घानाला न्यायचं, जहाजात चढवण्याआधी त्यांना जिथे कोंडायचे ते किनाऱ्यावरचे किल्ले दाखवायचे, गावागावांतून फिरवायचं आणि धडधाकट परत आणायचं.

माझी आयटीतली नोकरी गेली होती, तेव्हा इथे इंटरव्ह्यूला आले. मिस ग्लोरियांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हनी, आमचे लोक एवढ्या लांब कशाला जातात, ते तुला कळेल का?"

मी म्हटलं, "माझी आजी दर वर्षी गावाहून नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. ट्रकमध्ये उभ्यानं."

"तिथं काय बघायची?"

"काही नाही. थोडा वेळ ताठ उभी राहायची आणि परत यायची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, गेली ही पण नोकरी! मग म्हणाल्या, "सोमवारपासून ये."

*

बाहेर 'ट्रॅव्हल' अशी पाटी आणि शेजारी ग्रोसरी. त्यामुळे आपली माणसं हातात कोथिंबीर घेऊन आत येतात आणि नागपूरच्या तिकिटाचा भाव विचारतात. एकदा अलिबागचे एक काका आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, घरात बसून कंटाळलेले. खिडकीत आमचं घानाचं पोस्टर आहे. समुद्र, खडक आणि दगडी किल्ला. काका त्याच्यासमोर थबकले.

"हा जंजिरा!"

मी म्हटलं, "नाही काका, घाना आहे."

"काहीतरी काय! मुरूडचा जंजिरा आहे हा. मी शाळेची सहल घेऊन जायचो तिथं."

काका रिटायर्ड मास्तर निघाले, म्हणजे वाद संपला. मिस ग्लोरियांनी विचारलं की हे एवढं कशावर तापलेत. मी सांगितलं की आमच्याकडेही समुद्रात असाच एक किल्ला आहे आणि तो सिद्दींचा होता. सिद्दी म्हणजे मुळातले आफ्रिकेचे.

मिस ग्लोरिया खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे त्यांना त्या किल्ल्यात कोंडलेलं होतं?"

"नाही नाही. किल्लाच त्यांचा होता. राज्य करायचे. आजूबाजूच्यांनी सगळ्यांनी घ्यायचा प्रयत्न केला, कुणाला मिळाला नाही."

त्या पोस्टरकडे बघत राहिल्या. त्यांच्या सगळ्या टूर्समध्ये किल्ला आला की लोकांचे रुमाल निघतात. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सू, हे पॅकेज आपण का विकत नाही?"

*

घानात बाळ ज्या वारी जन्मतं त्या वारावरून त्याला एक नाव मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारची मुलगी आमा. आमच्या मंडळींचंही तिथल्या एका गावात बारसं होतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येकाचा जन्मवार आम्ही कळवतो. तारीख फोनमध्ये टाकली की वार येतो. सोपं काम आहे. पण एका खेपेला मंडळींतल्या मिस अर्लीननी ते अवघड करून ठेवलं.

त्या ठामपणे म्हणाल्या, "मी रविवारची. आईला चर्चमध्येच कळा सुरू झाल्या."

फोन म्हणाला बुधवार. अनिकेतनं दोनदा तपासलं. शेवटी बिचारा भीत भीत म्हणाला, "मॅम, फोन बुधवार दाखवतोय."

"बाळा, त्या दिवशी तिथं माझी आई होती की तुझा फोन होता?"

मिस अर्लीन रविवारची अकोसुआ झाल्या!

तेव्हाच मी सगळ्यांना आमच्याकडची गंमत सांगितली. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. माझे बाबा एक जून, काका एक जून, शेजारचे एक जून, त्यांच्यासमोरचे एक जून. म्हणजे अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलेलं.

मिस ग्लोरियांनी मान हलवली. "त्या दिवशी तुमची सुईण फार दमली असेल गं!"

*

आता मिस्टर ओटिस. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेले. उंच, सावकाश बोलणारे, मिस ग्लोरियांच्या चर्चमधले जुने दोस्त. मी मनातल्या मनात त्यांना ओटिसकाका म्हणते. दर वर्षी सगळ्यांच्या आधी बुकिंग करायचे आणि निघायची वेळ आली की कॅन्सल. एकदा गुडघा दुखत होता. एकदा घराचं छप्पर गळत होतं. त्याच्या पुढच्या खेपेला फोन आला, "मी गेलो तर कुत्र्याला करमणार नाही."

मिस ग्लोरिया फोनवर शांतपणे म्हणाल्या, "ओटिस, ते कुत्रं गेल्या वर्षी गेलं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मग ते स्वतःच ऑफिसात आले, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि हॅट मांडीवर फिरवत खरं काय ते बोलले. त्यांचा पुतण्या एकटा जाऊन आला होता. तिथं रस्त्यावरची पोरं त्याच्या मागे 'ओब्रोनी, ओब्रोनी' करत पळाली. ओब्रोनी म्हणजे बाहेरचा माणूस. गोऱ्यांना म्हणतात, पण चालणं-बोलणं वेगळं दिसलं की कुणालाही म्हणतात. त्यात राग नसतो, पोरंच ती! पण पुतण्या परत आला तो त्याच्याशिवाय दुसरं काही बोलेचना.

ओटिसकाका म्हणाले, "इथं जन्मभर मला लोकांनी विचारलं, तू इकडे कसा? ते मी सोसलं. मनात म्हणायचो, एक जागा आहे जिथं कुणी विचारणार नाही. न जाता ती जागा आहे तरी. गेलो आणि तिथंही विचारलं, तर मग काय उरलं?"

मिस ग्लोरियांचं त्या महिन्यात कंबरेचं ऑपरेशन होतं, त्या जाणार नव्हत्या. त्यांनी कॉफीचा कप ओटिसकाकांसमोर ठेवला आणि म्हणाल्या, "या वेळी माझ्या जागी तू जा. कुणी परकं म्हटलं तर मला फोन कर. मी इथून भांडते."

*

तर ओटिसकाकांची तयारी सुरू झाली. जाण्याआधी आम्ही मंडळींना हातानं जेवायला शिकवतो. हे खातं माझ्याकडे! शेजारच्या ग्रोसरीतून वरण-भात येतो आणि टेबलाभोवती सगळे बोटं एकत्र करायचा सराव करतात. नियम एकच, डावा हात ताटाला लावायचा नाही. कुणाला काही द्यायचं तर तेही उजव्यानंच. तिथं डाव्या हातानं दिलं तर माणसाच्या मनाला लागतं. मला हे शिकवायला वेगळं शिकावं लागलं नाही, आईच्या चापट्या पुरेशा होत्या.

आणि ओटिसकाका नेमके डावखुरे! डाव्या हातावर बसून जेवले बिचारे. वरण कोपरापर्यंत आलं.

जेवण झाल्यावर ते शेजारी ग्रोसरीत केळी आणायला गेले. काउंटरवर शोभाकाकू असतात. सवयीनं यांचा डावा हात नोटेसकट पुढे गेला. काकूंनी हात मागे घेतला. "राइट हँड प्लीज! डाव्या हातानं लक्ष्मी घेत नाही मी."

मी ग्रोसरीच्या दारातून हे बघत होते. म्हटलं, आता हे दुखावणार आणि पुन्हा कॅन्सल करणार. पण ओटिसकाका हसत हसत ऑफिसात परत आले, हातात केळ्यांचा घड. "ग्लोरिया, प्रवास सुरू झाला. मला ओरडा बसला!"

*

अनिकेतचाही एक सांगते. गावच्या प्रमुखाला भेटायला जाताना दारूची बाटली न्यावी लागते, ती पूर्वजांच्या नावानं जमिनीवर ओततात. अनिकेत थेंबाला न शिवणारा. त्याची आई तेव्हा पुण्याहून आलेली, आणि बॅग भरताना नेमकी बाटली तिच्या हाताला लागली!

"अगं आई, ती गावच्या प्रमुखाला द्यायचीय."

"पहिल्यांदा कुणाच्या घरी जाताना दारू नेतोस? नारळ नाही मिळत या अमेरिकेत?"

मग आईनं स्वतः ग्रोसरीत जाऊन, वाजवून बघून नारळ आणला आणि बॅगेत घातला. अनिकेतनं तिथं बाटली दिली आणि आईची आठवण म्हणून नारळही प्रमुखांच्या हातात ठेवला. प्रमुखांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग वर पाहिलं. सगळे ज्या झाडांच्या सावलीत बसले होते, ती सगळी नारळाचीच होती.

ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आमचे संपत आले होते."

*

शेवटी ओटिसकाकांचं विमान उडालं. ते उडेपर्यंत मिस ग्लोरिया काठी टेकत ऑफिसात येरझाऱ्या घालत होत्या. उडाल्यावर आम्ही दोघींनी हुश्श केलं, पण ते अर्धंच. खरा दिवस पुढे होता.

बारशाच्या गावात पोचायचं होतं त्या दिवशी अनिकेतचा व्हिडिओ कॉल आला. इकडे सकाळ, तिकडे टळटळीत दुपार. मिस ग्लोरियांनी खुर्ची स्क्रीनला चिकटवली. बस थांबलेली. अनिकेत खाली उभा राहून दाराकडे फोन धरून होता. दारात ओटिसकाका, नवा शर्ट, डोक्यावर हॅट. एकेक पायरी सावकाश उतरत होते.

शेवटच्या पायरीवर होते तेवढ्यात आवाज आला. "ओब्रोनी! ओब्रोनी!" पोरांची फौजच धावत येत होती.

ओटिसकाका तिथंच थांबले. चेहरा पडला. त्यांनी बसचा दांडा धरला आणि एक पाऊल मागे, वरच्या पायरीवर घेतलं. मिस ग्लोरियांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना.

मग फोन हलला. आभाळ दिसलं, माती दिसली आणि मग स्क्रीनभर दात! पोरंच पोरं. ओटिसकाकांच्या बाजूनं सुसाट निघून त्यांनी अनिकेतला घेरलं होतं. कुणी त्याचा हात चोळून बघतंय, कुणी केस ओढतंय. मागून त्याचा आवाज, "अरे, मला म्हणतायत यार! मी ओब्रोनी!"

आम्ही दोघी हसून हसून रडलो. हसण्याचं कमी आणि सुटल्याचं जास्त होतं ते. त्या गोंधळात अनिकेतचा फोन कसाबसा परत बसकडे वळला. ओटिसकाका आता खाली उतरले होते. आणि त्यांच्यासमोर एक म्हातारी उभी होती. कणसं भाजून विकणारी. टोपली बाजूला ठेवून, बोट नाचवत ती त्यांना तिच्या भाषेत ताडताड बोलत होती. ओटिसकाका हॅट छातीशी धरून, मान खाली घालून ऐकत होते.

गाइड धावत आला. हसू दाबत त्यानं इंग्लिशमध्ये सांगितलं, "ती म्हणतेय, गावातले एवढे वडीलधारे तुम्ही, पोरं परक्या पाहुण्याला छळतायत आणि तुम्ही नुसते बघत काय उभे राहता? थांबा, मी तिला सांगतो तुम्ही अमेरिकेहून..."

ओटिसकाकांनी त्याचं मनगट पकडलं.

"खबरदार सांगितलंस तर! बोलू दे तिला."