मूठभर येसर घेऊन पूर्णाकाठी

डोंगरकड्याहून निघालो त्या दिवशी सुनेच्या हातातलं भाकरीचं फडकं मी ओढूनच घेतलं. तिनं काही वाईट केलं नव्हतं. पण त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग येत होता. पोळ्याच्या आधी बायको वारली अन् मार्गशीर्ष लागला, तरी गाव होतं तसं चाललं होतं. मेंढरं चरत होती, बाया पाणी भरत होत्या, माझा पोरगा जेवताना हसत होता. ते मला सोसत नव्हतं.

मी पंतोजीकडं दोन पावसाळे बसलो, तेवढंच माझं शिक्षण. वाटेत जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. ज्याला पटणार नाही त्यानं वाचू नये.

निघायचं कारण येसर. आमच्याकडं सागुती (मटणाचं कालवण) आतल्या चुलीवर करत नाहीत, अंगणात तीन दगड मांडून करतात. कोकराचं मटण हळद-मिठात शिजवायचं, निखाऱ्यात भाजलेला कांदा अन् लसूण वाटून घालायचा, अन् शेवटी येसर लावायचं. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, तीळ, खोबरं, दगडफूल हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र कुटलं की येसर होतं. रस्सा त्यानं दाट होतो. मटण सगळ्या गावाचं सारखंच असतं, घराची चव येसरात असते. माझ्या बायकोनं सागुती केली की शेजारचे उगाच विस्तव मागायला यायचे, अन् उठायचे नाहीत.

ती गेल्यावर सुनेनं गाडग्यातलं येसर पुरवून पुरवून वापरलं. मग एक दिवस स्वतःच काही भाजून कुटलं अन् लावलं. मी ताट सरकवलं.

सून म्हणाली, "मामंजी, आत्याबाईचं येसर आता मूठभर ऱ्हायलं. तेवढं संपलं की मंग तुमी उपाशी बसा, न्हाई तर मला घराबाहेर काढा."

"सासूनं शिकवलं न्हाई व्हय तुला?"

"दरसाल इचारलं. म्हणायच्या, पुढच्या साली दाखवते."

मी गाडगं उपडं केलं, ती मूठ फडक्यात बांधली अन् दुसऱ्या दिवशी निघालो. आखाडा बाळापूरच्या बाजारात मसाल्याचा व्यापारी बसतो. तो वास घेऊन सांगेल, यात काय काय अन् किती किती. दुपारपर्यंत परत, असा माझा हिशेब.

बाळापूरला बाजार भरला होता. लढाई चालू होती, त्यामुळं रॉकेलापुढं ही रांग, अन् मसाल्यापुढं कुणी नाही. व्यापाऱ्यानं फडकं नाकाला लावलं. मी म्हणालो, "शिंकू नको त्यात."

"धने हायेत. खोबरं हाय. ज्वारी दिसते," तो म्हणाला.

"ते माझ्या म्हशीला बी कळतं. किती किती ते सांग."

"काका, कशाला तकलीफ करून राहिले? हे न्या, आपलं तयार. याच्यापरीस ताजं."

त्याचं मी चाटून पाहिलं. भुस्सा होता. तसं सांगितलंही. तो रागावला नाही, हसला, अन् फडकं बांधता बांधता म्हणाला, "भाजण्यात असते चव, काका. ते आमाला न्हाई सांगता येत. तुमच्या मालकिणीचं माहेर कुठलं? तिथंच इचारा."

तिथं मी जाणार नव्हतो. बायकोचे आईबाप कधीच गेले. माहेर म्हणावं अशी एकच राहिली होती, तिची थोरली बहीण, माझी अकडसासू. सगळे तिला आक्का म्हणतात. सिद्धेश्वराच्या अलीकडं पूर्णाकाठी तिचं घर. अकरा सालांमागं माझ्या साडूनं, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, त्यांच्या कळपासाठी माझा एडका (बिजाचा मेंढा) मागून नेला. तसा एडका सात गावांत नव्हता. दोन महिन्यांनी निरोप आला, रोगानं मेला, पुरला. मी तिथं जाऊन चार माणसांत म्हणालो, "मेला न्हाई. तुमी कापून खाल्ला." त्या दिवसापासून त्यांचं नाव माझ्या घरात काढायचं नाही, असं मी बायकोला बजावलं. तिनंही काढलं नाही. पुढं साडू वारला, तेव्हाही मी गेलो नाही अन् तिला जाऊ दिलं नाही.

बाजारात एका दगडावर बसून भाकरी खाल्ली. गाडगं तर मी उपडं करून आलो होतो, तसंच परतायची सोय नव्हती. उठलो अन् औंढ्याकडं जाणारी गाडी धरली.

गाडीवान बोलका निघाला. अशी माणसं वाटेत भेटतातच.

"म्हातारी काय म्हणते, बाबा?"

"काही म्हणत न्हाई."

"चांगलं हाय. आमची तं दिवसभर बोलते."

दोन्ही बाजूंनी ज्वारी कमरेएवढी उभी होती. मधेच खडकाळ माळ लागायचा, तिथं परक्या गावची मेंढरं अंग चोरून उभी. गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली. दोनेक सालांमागं सागुती खाताना मी बायकोला म्हणालो होतो, "तुझ्या बहिणीला जमंल का असं जन्मात?" मीच नाव काढायला बंदी केली अन् मीच काढलं. त्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "ठसका लागला." ती तेव्हा जेवतच नव्हती.

मुक्काम करत तिसऱ्या दिवशी औंढ्यात उतरलो. देवळाचा कळस दिसला. लोक हात जोडत होते. मी जोडले नाहीत. त्याचं अन् माझं पोळ्यापासून बोलणं नव्हतं.

गावाबाहेर धान्याच्या गाड्या अडवायला शिपाई उभा होता. मी पायी, खांद्यावर एक गठुडं, तरी त्यानं अडवलं.

"क्या है रे बुढ्ढे इसमें?"

"मसाला है."

त्यानं फडकं सोडलं, त्यात बोट बुडवलं अन् चाटलं. मी त्याचा हात धरला. शिपायाचा हात धरायचा नसतो, हे मला माहीत आहे. तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "घरवाली का है. मर गई." त्यानं बोट सदऱ्याला पुसलं अन् म्हणाला, "अच्छा है." वाईट म्हणाला असता तरी मला इतका राग आला नसता.

दिवस डोक्यावर आला तेव्हा पूर्णा दिसली. पाणी हिवाळ्यातलं, शांत, काठाला वांग्याचे वाफे. आक्काचं घर ओळखायला अडचण पडली नाही. ती अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पार वाळून गेली होती. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं.

"कोण हाय?"

"मी."

"मी तं गावात शंभर हायेत."

"डोंगरकड्याचा."

तिनं पुढची शेंग उचलली. "पारू, तांब्या आण पाण्याचा. पावणं आलेत, अकरा सालानं एडका हुडकत."

पारू तिची सून, नवीनच. तिनं पाणी आणलं. मी तांब्या हातात धरूनच उभा राहिलो.

आक्का म्हणाली, "गंगी गेली ते मला बाजारात लोकरवाल्यानं सांगितलं. माझी पाठची बहीण. तिचं तोंड बी पाहू दिलं न्हाई तुमी. काहून?"

"सुचलं न्हाई."

"खोटं. सुचलं व्हतं, धाडलं न्हाई."

बराबर होतं ते. त्या दिवशी पोरानं मला विचारलं होतं, मावशीला निरोप धाडू का. मी नको म्हणालो होतो. बायको समोर मरून पडली होती अन् मला एडका आठवत होता.

मी पाणी प्यालो. ज्यासाठी आलो ते तोंडातून निघेना. आक्काचा लेक रानातून आला, मला पाहिलं अन् परत गेला. थोड्या वेळानं कोकरू कापल्याचं कळलं. पावणा आला की कापायचं, मग तो कसला का पावणा असेना. मी उंदरांच्या भीतीनं माझं फडकं ओसरीवरच्या खुंटीला टांगलं अन् भिंतीला टेकलो. तीन दिवसांचा शिणवटा, डोळा लागला.

जागा झालो तो वासानं. माझ्या घरचा वास. मी डोळे न उघडताच म्हणालो, "अगं, भाकरी थाप." मग डोळे उघडले. अंगणात तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं. खुंटी रिकामी होती, अन् पारू माझं फडकं झटकून वळणीवर घालत होती.

मी काय काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारच्या बाया कुडावरून डोकावल्या, इतकं ओरडलो. दुसऱ्याच्या गठुड्यात हात घालता, चोर हायेत तुमी, आधी एडका खाल्ला अन् आता हे, यात काय किती ते इचारायला मी इतक्या लांब आलो, असं सगळं. पारू पातेल्यामागं सरकली.

"मामा, म्या चोरलं न्हाई. आपलं येसर सरलं व्हतं, यंदाचं अजून कुटायचं हाय. खुंटीला दिसलं. वास पाहिला. मला वाटलं, आत्याबाईनं काढून ठिवलं. आपल्याच घरचं व्हतं ते."

"तुमच्या घरचं कुठून? माझ्या बायकोच्या हातचं ते."

पारू आक्काकडं बघायला लागली. आक्कानं शेंगांची टोपली बाजूला सारली.

"पोरगी खरं सांगून राहिली," ती म्हणाली. "माझ्या हातचं हाय. दरसाल संक्रांतीआधी कुटायची अन् दोन शेर गंगीला धाडायची. अकरा साल. तिला भाजता येत न्हाई, लहानपणापासून करपवती. आधी हितं येऊन न्यायची. तुमी बंद केलं, मंग लोकरवाल्याच्या पोत्यातून जायला लागलं."

लोकरवाला म्हणजे सणगर (घोंगड्या विणणारा). दरसाल कातरणीनंतर तो आधी आक्काकडं येतो, मग माझ्याकडं, अन् त्याच वाटेनं परत जातो. त्याला मी माझ्या अंगणात बसवून सागुती वाढत होतो. वर विचारत होतो, कशी झाली. तो म्हणायचा, "लई झाक." दोघं मला माझ्याच अंगणात फसवत होते.

"अन् ती काय धाडायची परत?"

"लसणाची गड्डी. अन् चार शिव्या, तुमच्या नावाच्या."

आता मला ठसक्याचा अर्थ लागला. सुनेला पुढच्या साली, पुढच्या साली, तेही उमगलं. बायको समोर असती तर मी तिला सोडलं नसतं. समोर नव्हती. असा राग कुणावर काढावा, ते पंतोजीनं शिकवलं नाही.

"मला वासानंच सांगता आलं असतं त्यात काय हाय ते," आक्का म्हणाली. "आता शिजलं. जेवा. न्हाई तं वता पूर्णेत. तुमचं तुमी पाहा."

मी बसलो. भाकरी कुस्करली, रस्सा घेतला. तीन भाकरी खाल्ल्या, कुणाकडं न बघता. आक्का समोर जेवत होती. अर्ध्यातच म्हणाली, "एडका रोगानंच मेला. खाल्ला असता तं बरं झालं असतं, आळ तरी खरा झाला असता." मी मान खाली घालून रस्सा मागितला. पारूनं लांबूनच वाढला.

दुसऱ्या दिवशी आक्कानं मला चुलीपुढं बसवलं. म्हणाली, "मी किती साल पुरणार? शिका." ज्वारी मंद जाळावर, फुटायची थांबली की उतरायची. धने बोटानं चुरगळून पाहायचे. तीळ तडतडले की जाळ ओढायचा. खोबरं मी दोनदा करपवलं. "गंगीचाच नवरा शोभता," ती म्हणाली. कुटायचं मुसळही मलाच दिलं. शेजारच्या बाया पाणी भरायचं सोडून बघत उभ्या राहिल्या. मी एकीला म्हणालो, "काय पाहता? तुमच्या नवऱ्याला बी धाडा." त्या हसल्या. मला राग आला, पण कुटत राहिलो.

निघताना पारूच्या पाया पडायची सोय नाही, ती लहान. मी तिला म्हणालो, "चोर म्हणालो ते चुकलं." ती म्हणाली, "पुढच्या वक्ताला खुंटीला टांगू नका." आक्का अंगणातून उठली नाही.

घरी आलो तर सून भीत भीत पुढं आली. मी आक्काकडनं आणलेलं येसराचं गाडगं तिच्या हातात दिलं अन् अंगणात तीन दगड स्वतः मांडले. सागुती झाली. दोन्ही शेजारी विस्तव मागायला आले. पोरगा पहिल्या घासाला थांबला अन् म्हणाला, "आईच्या हातचं वाटतं."

"आक्काच्या घरचं हाय," मी म्हणालो. "तुझ्या मावशीच्या. पहिल्यापासून." अकरा सालांत माझ्या घरात ते नाव मी दुसऱ्यांदा काढलं. ह्या खेपेला कुणी हसलं नाही. मला वाटलं, कुणीतरी हसायला हवं होतं.

राग गेला असं मी लिहिणार नाही. बायको भांडण अर्धं टाकून गेली, तो राग राहणारच. पण तो ज्या घरावर काढत होतो, त्या घरची चव मी अकरा साल मिटक्या मारत खाल्ली, एवढं मला तिथवर जाऊन कळलं. घरी बसून कळलं नसतं.

संक्रांतीनंतर सणगर लोकर न्यायला आला. मला पाहून वाटेतच थांबला. मी त्याला बसवलं, वाढलं, अन् कशी झाली ते विचारलं नाही. निघताना त्याच्या गाडीमागं एक एडका बांधला. तीन सालांचा, काळा, कळपातला सगळ्यात चांगला.

तो म्हणाला, "कुणाला?"

"आक्काला. म्हणावं, मेला तं पुरा, न्हाई तं कापून खा. इचारायला कुणी येणार न्हाई."