गॅरेजमधला दुसरा फ्रीज

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधल्या आमच्या गॅरेजमध्ये एक जुना फ्रीज आहे. त्यात एका पिंपात नवऱ्याची घरी केलेली बिअर आंबत असते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वास असतो हे कुणी सांगत नाही. नासक्या अंड्यांचा वास. पिंपाच्या झाकणातून तपकिरी फेस गळतो, कडेला चिकट साय धरते. मी काही नाजूक नाही, घरी इडलीचं पीठ मीच आंबवते. पण त्या पिंपाकडे बघून मला शिसारी येते.

फ्रीजला त्याने कंट्रोलर लावलाय. पिंपाचं तापमान बारा अंशांवरून जरा हललं की ह्याचा मोबाईल वाजतो. तरी विश्वास नाही. मिळेल त्या यंत्राने पुन्हा मोजायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी लेक मलूल उठली. ताप मोजायचं यंत्र कपाटात नव्हतं. घर पालथं घातल्यावर ते सापडलं कुठे, तर फ्रीजमध्ये, त्या पिंपाच्या झाकणावर, फेसाने बरबटलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली. ओढणीनेच पुसलं आणि धावत वर जाऊन लेकीच्या कपाळासमोर धरलं. पस्तीस. चला, ताप नाही. तिला बूट घातले आणि पाळणाघरात सोडायला निघाले.

घराच्या दाराशीच तिने माझ्या खांद्यावर मान टाकली. चटका बसला. यंत्र पुन्हा नीट पाहिलं, तर पडद्यावर डोक्याच्या चित्राऐवजी बाटलीचं चित्र होतं, म्हणजे ते अंगाचा ताप नाही, वस्तूंचं तापमान मोजत होतं. बिअर मोजून झाल्यावर ह्याने ते तसंच ठेवलं होतं. बटण दाबून पुन्हा मोजलं. साडेएकोणचाळीस. ह्याला फोन केला आणि तिला तशीच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांकडे नवरा ऑफिसमधून थेट आला. लेकीला मांडीवर घेऊन बसला.

"अशा तापात मी हिला पाळणाघरात सोडणार होते," मी म्हणाले. "तुझ्या त्या घाणेरड्या पिंपापायी."

"आल्झो... म्हणजे, सॉरी. मोड बदलायचा राहिला गं."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. लेकीच्या पाठीवरचा हात काढून त्याने पाहिलं.

"तू फ्रीजचं दार उघडं टाकून आलीस का? पंधरावर गेलंय."

मला त्याची किळस आली. बिअरची नाही, त्याची. लेकीला मी त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"मग जा, लावून ये," मी म्हणाले.

आणि तो खरंच उठला.