मास्तरांची उचलबांगडी

ठाण्याला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती. गोपीनाथ मास्तर तिथल्या मराठी शाळेत खालचे वर्ग शिकवत. आवाज मोठा, हात हलका. मुलं त्यांना भीत नसत, त्याचा त्यांना अभिमान होता.

वर्गात एक जुनी रीत होती. मुलगा गैरहजर राहिला की चार दांडगी मुलं त्याच्या घरी जात. दोघं हात धरत, दोघं पाय, आणि झुलवत झुलवत शाळेत आणून टाकत. उचलबांगडी. लहानपणी मास्तरांचीही झाली होती. आठवलं की त्यांना अजून हसू येई.

त्या हिवाळ्यात ती सारखी रघुचीच होऊ लागली.

रघु कोपरीच्या मिठागरावरचा. त्याच्या घरातून शाळेत आलेलं पहिलं पोर. रूळ ओलांडून चालत येई, पाढे खडखडीत म्हणे. मग दांड्या सुरू झाल्या. मास्तर भाऊला खूण करत. भाऊ अडत्याचा मुलगा, चौघांचा म्होरक्या. चौघे उड्या मारत जात. थोड्या वेळाने अंगणातून आरोळी येई, "मिठाची गोण आली हो!"

वर्ग हसे. मास्तरही हसत. रघु पाटीत मान घालून बसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब.

जितकं आणावं तितकं पोर लांब पळत होतं. मास्तरांना काही उमगत नव्हतं.

एका दुपारी रघुची आई बायजा शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मिठागरावरून तशीच आलेली. भेगाळलेली पावलं मिठाने पांढरी.

"मास्तर, नाव काडा त्याचा."

"का हो बाई? पोरगा हुशार आहे."

"झोपंत वरडतंय. आगगारीचा आवाज आला का माज्या कुशीत शिरतंय. इचारलं तं बोलत नाय."

"आगगाडीचा आवाज?"

मास्तरांनी वळून वर्गाकडे पाहिलं. भाऊ खाली मान घालून पाटी पुसत होता. पाटी कोरीच होती.

"उद्याचा दिवस द्या मला," मास्तर म्हणाले. "मग तुम्ही म्हणाल तसं."

"एकच," बायजा म्हणाली.

सकाळी मास्तर त्या चौघांना घेऊन कोपरीला गेले. रघु आईच्या लुगड्याआड उभा होता. मास्तरांनी पागोटं उतरवून बायजाच्या हातात दिलं आणि अंगणात चक्क आडवे झाले.

"चला, उचला."

"तुम्हाला, मास्तर?" चौघांतला दगडू खिदळला.

"आज मी गैरहजर. रोज आणता तसं आणा. रघु, तू बरोबर चल. यांचं काही चुकलं तर सांग."

चौघांनी उचललं. मास्तर अंगाने भरलेले.

"काय जेवतात रे हे!" मारुती पुटपुटला.

"बोलू नकोस, पाय धर नीट," गणू म्हणाला.

बांधावरून वरात निघाली. मागे रघु, त्याच्या मागे पागोटं घेऊन बायजा. मास्तरांना फक्त आभाळ दिसत होतं. खांदे उखडतील असे ताणले होते. लहानपणी यात हसण्यासारखं काय होतं, ते त्यांना आठवेना.

रूळ आले. चौघांनी एकदम पावलं उचलली.

मागून बारीक आवाज आला. "हितं नाय ठेवत?"

चौघे थबकले.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

रघुने रुळाकडे बोट दाखवलं.

"खोटं बोलतोय, मास्तर!" भाऊचा आवाज चिरकला.

"ठेवा."

"मास्तर, पण—"

"रोज ठेवता तसं."

त्यांनी ठेवलं. मान एका रुळावर, अंग आतल्या खडीवर. लोखंड गार होतं.

"पुढे?"

रघु बोलला. "मंग दाबून धरतात. बोलतात, गारी दिसली का सोरू."

"धरा," मास्तर म्हणाले.

त्यांनी धरलं. थोड्या वेळाने मास्तरांच्या कानाखाली लोखंड गुणगुणू लागलं. आधी चिलटासारखं. मग ते दातांत उतरलं. कल्याणच्या बाजूला धूर दिसला.

दगडूने पाय सोडला. मग मारुतीने. गणू हात सोडून मागे सरला. "उठा ना मास्तर! उठा!"

मास्तर भाऊकडे बघत होते. "रघुपण असंच म्हणायचा का रे? सोडा म्हणून?"

"म्हणायचा."

"मग?"

भाऊला रडू फुटलं. "आम्ही हसायचो."

शिटी वाजली. वेळेवर उठायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. पण अंग उठेना. हात, पाय, काहीच त्यांचं राहिलं नव्हतं.

"वरा त्यांना, खेचा!" बायजा किंचाळली.

भाऊने काखेत हात घातले. पाय रघुने धरले. खडीवरून खरडत सगळे उतारावर कोसळले. गाडी अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली.

धूर विरल्यावर मास्तर उठून बसले. धोतर फाटलं होतं.

"यांना पाठवत होतो तो मी," ते बायजाला म्हणाले. "आता सांगा. नाव काढू?"

बायजाने पागोट्यावरची धूळ झटकली, ते त्यांना दिलं आणि रघुकडे पाहिलं.

"तुमी याल न्यायाला?" रघुने विचारलं.

"येईन."

"उचलून नाय."

"चालत. दोघंही."

त्यानंतर त्या वर्गात उचलबांगडी झाली नाही. कोणी आलं नाही की मास्तर स्वतः निघत. भाऊला बरोबर नेत; गैरहजर मुलाची पाटी त्याने उचलायची. तो आधी कुरकुरला. पुढे पुढे न सांगताच निघू लागला. बाजारात लोक थट्टा करत, "काय मास्तर, शाळा फिरतीवर निघाली?" मास्तर पागोटं सावरत पुढे जात.

कोपरीला मात्र ते रोज सकाळी जात, रघु गैरहजर नसतानाही. येताना रूळ आले की त्यांचं पाऊल अडे. गाडी दूर असली तरी ते थांबत, ती जाईपर्यंत. मग रघु त्यांचं बोट ओढी.

"गारी गेली, मास्तर. चला."